हार्ड डिस्कला बॅड सेक्टर पडलेत? दुरुस्तीआधी खराब फाइलींची यादी करा

लगीनसराई संपली की फोटो स्टुडिओत अल्बमचे काम सुरू होते. मार्चअखेर आला की विकास सोसायटीत आणि दूध डेअरीत हिशेबाची घाई असते. नेमका अशाच वेळी संगणक अडकायला लागतो. फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटे लागतात, कॉपीला लावलेली फाइल मध्येच थांबते. दुकानात नेल्यावर उत्तर मिळते, "बॅड सेक्टर पडलेत, चेकडिस्क मारून देतो." चेकडिस्क होते, संगणक पुन्हा चालू लागतो आणि विषय तिथेच संपतो.

खरी अडचण नंतर कळते. नवरदेवाकडची मंडळी अल्बम मागायला येतात तेव्हा सप्तपदीचा फोटो वरून चांगला आणि खालून करडा निघतो. डेअरीच्या वहीतली बेरीज आणि संगणकातली बेरीज जुळत नाही. दुरुस्तीने डिस्क चालू झालेली असते, पण गेलेली माहिती परत आलेली नसते. उलट कोणती फाइल बिघडली होती, याची खूणच दुरुस्तीने पुसलेली असते. म्हणून आधी प्रत, मग खराब फाइलींची यादी आणि सगळ्यात शेवटी दुरुस्ती, हा क्रम सोडू नये.

बॅड सेक्टर म्हणजे काय?

हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकड्या असतात. त्यावरची जागा शेताच्या वाफ्यांसारखी छोट्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कवर एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो, अलीकडच्या बहुतेक डिस्कवर आतून तो ४०९६ बाइटचा असतो. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटच्या हिशेबाने सुमारे १९५ कोटी सेक्टर बसतात. त्यातले पाच-पन्नास गेले तर आकड्यात काहीच नाही. पण ते कोणाच्या फाइलीत गेले, यावर सगळे अवलंबून आहे. रिकाम्या जागेत गेले तर नुकसान शून्य. वर्षभराच्या हिशेबाच्या फाइलीत एक जरी गेला तरी ती फाइल उघडेलच याची खात्री नाही.

प्रत्येक सेक्टरमध्ये माहितीसोबत तपासणीचा एक कोडही लिहिलेला असतो. डिस्क वाचताना माहिती आणि कोड जुळतात का ते पाहते. थोडी चूक असेल तर स्वतःच दुरुस्त करते. चूक हाताबाहेरची असेल तर चुकीची माहिती पुढे न देता सरळ 'वाचता येत नाही' असा एरर देते. म्हणजे दुरुस्ती न केलेल्या डिस्कवरून फाइल एररशिवाय पूर्ण वाचली गेली, तर डिस्कवर जे लिहिले होते तेच मिळाले असे धरायला हरकत नाही. आणि जिथे एरर आला ती फाइल यादीत घ्यायची. खराब फाइल शोधण्याचे सगळे काम या एररच्या भरवशावर चालते.

दुरुस्ती केल्यावर मात्र त्या सेक्टरच्या जागी दुसरी जागा दिली जाते आणि न वाचता आलेल्या भागात शून्ये भरली जातात. शून्यांचा कोड बरोबर जुळतो. त्यामुळे पुढच्या वेळी फाइल विनातक्रार कॉपी होते. आकार तोच, नाव तेच, तारीखही बहुधा तीच आणि पोटात भोक.

बॅड सेक्टर का पडतात?

डिस्क खाली पडणे, मोटारसायकलच्या डिकीत हादरे बसणे, उन्हाळ्यात बंद खोलीत तापणे आणि वय, ही नेहमीची कारणे. यात तबकडीचा पृष्ठभाग किंवा वाचणारे हेड खराब होते. हा कायमचा बिघाड.

दुसरे कारण खेड्यात जास्त दिसते. फाइल लिहिली जात असताना लाईट गेली तर सेक्टर अर्धवट लिहिला जाऊन माहिती आणि कोड यांचा मेळ बसत नाही. इथे तबकडी चांगली असते. त्या जागेवर पुन्हा लिहिले की सेक्टर नीट चालतो. पण आधीची माहिती दोन्ही प्रकारांत जाते. म्हणून यूपीएसचा खर्च वाया जात नाही.

आधी डिस्कची तब्येत पाहा

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल खराब. रंगापेक्षा पुढच्या चार ओळी पाहाव्यात.

०५ – बदलून दिलेले सेक्टर. खराब झालेल्या जागेऐवजी राखीव जागा किती वेळा वापरली, ते.
सी५ – प्रलंबित सेक्टर. वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. फाइलींच्या दृष्टीने हीच ओळ सर्वात महत्त्वाची.
सी६ – तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर.
सी७ – केबलमधून जाताना झालेल्या चुका. फक्त हा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल किंवा तिचे तोंड खराब असण्याची शक्यता जास्त. आधी केबल बदलून पाहावी.

या प्रोग्रॅममध्ये शेवटचा 'रॉ' रकाना सुरुवातीला सोळाच्या पद्धतीने दिसतो. तिथे १० दिसले तर ते सोळा असतात, दहा नव्हे. सेटिंगमध्ये तो दहाच्या पद्धतीवर आणता येतो. एकदा पाहून भागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. सी५ वाढत असेल तर डिस्क उतरणीला लागली आहे.

ही नोंद किती सेक्टर गेले ते सांगते, कोणत्या फाइलीत गेले ते सांगत नाही.

हे करू नका

• डिस्क टक-टक वाजत असेल किंवा कधी दिसते, कधी गायब होते, तर लगेच बंद करा. चालू ठेवलेला प्रत्येक तास नुकसान वाढवतो.
• खराब डिस्कवर नवीन काही लिहू नका. रिकव्हरीचा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर टाकू नका.
• फॉरमॅट, डीफ्रॅग आणि 'बॅड सेक्टर रिपेअर' करणारे प्रोग्रॅम सध्या दूर ठेवा.
• डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. आत दव धरते आणि तबकडी कायमची जाते.
• डिस्क उघडून पाहू नका. धुळीचा एक कण हेडखाली आला तरी चर पडते.

पद्धत पहिली : कॉपी करता करता यादी

डिस्क दिसते, फोल्डर उघडतात, फक्त काही फाइलींवर अडते, अशा वेळी ही पद्धत पुरते. विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' नावाची आज्ञा आधीपासून असते. ती 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये द्यायची. डी ड्राइव्हवरचे फोटो ई या नव्या डिस्कवर न्यायचे असतील तर आज्ञा अशी असते (टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत) :

रोबोकॉपी डी:\फोटो ई:\फोटो /ई /आर:० /डब्ल्यू:० /लॉग:ई:\यादी.टीएक्सटी

यातले आर आणि डब्ल्यू विसरू नयेत. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेल्या प्रत्येक फाइलीवर १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबते. आधीच थकलेल्या डिस्कला ते मारून टाकणेच आहे. शून्य दिल्यावर ती अडलेली फाइल सोडून पुढे जाते.

काम संपल्यावर नव्या डिस्कवरची यादी नोटपॅडमध्ये उघडावी आणि त्यात 'एरर' हा इंग्रजी शब्द शोधावा. एरर २३ म्हणजे वाचलेली माहिती आणि कोड जुळला नाही. एरर १११७ म्हणजे डिस्कच्या वाचन-लेखनातच (आय/ओ) बिघाड आला. एरर १३९२ म्हणजे फाइल किंवा फोल्डरची नोंदच बिघडली. या ओळींमधली नावे हीच खराब फाइलींची यादी. नव्या डिस्कवर फाइल दिसते की नाही यावर जाऊ नये, लॉगमध्ये काय लिहिले तेच धरावे.

एक मर्यादा लक्षात घ्यावी. बॅड सेक्टर फोल्डरच्या नोंदीवरच पडला असेल तर आतल्या फाइली यादीतही येत नाहीत. म्हणून किती लग्ने, किती महिने, किती गावे असायला हवीत हे वहीवरून मोजून फोल्डर जुळवून पाहावेत.

पद्धत दुसरी : सेक्टरच्या नंबरवरून फाइल

कधी कधी खराब सेक्टरचा नंबर हाती लागतो. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सिस्टिमच्या नोंदीत 'डिस्क' नावाने येणारी ७ नंबरची नोंद बॅड ब्लॉक असल्याचे सांगते. १५३ नंबरच्या नोंदीत वाचन पुन्हा करावे लागलेल्या जागेचा पत्ता असतो. 'स्मार्टसीटीएल' या प्रोग्रॅमने लांबची चाचणी घेतली तर पहिल्या अडलेल्या सेक्टरचा नंबर मिळतो.

हा नंबर पूर्ण डिस्कवरचा असतो. विंडोज फाइलींचा हिशेब क्लस्टरने ठेवते. नेहमीच्या एनटीएफएस ड्राइव्हवर ५१२ बाइटचे ८ सेक्टर मिळून ४ केबीचा एक क्लस्टर होतो. म्हणून सेक्टरच्या नंबरातून ड्राइव्ह जिथे सुरू होतो तो नंबर वजा करायचा आणि ८ ने भागायचे. ड्राइव्ह २०४८ पासून सुरू होत असेल आणि खराब सेक्टर ८००२०४८ असेल, तर वजाबाकी ८००००००, भागाकार १००००००. हा क्लस्टर नंबर.

आता 'एफएसयुटिल व्हॉल्यूम क्वेरीक्लस्टर' ही आज्ञा ड्राइव्हचे नाव आणि हा नंबर देऊन चालवली की ती जागा कोणत्या फाइलीची आहे ते नाव समोर येते. ड्राइव्ह कुठून सुरू होतो ते 'सिस्टिम इन्फॉर्मेशन'मध्ये डिस्कच्या माहितीत बाइटमध्ये दिलेले असते. त्याला ५१२ ने भागावे. १५३ च्या नोंदीतला पत्ता सोळाच्या पद्धतीत असतो, तो कॅल्क्युलेटरवर आधी दहाच्या पद्धतीत आणावा.

लिनक्सच्या ईएक्सटी४ ड्राइव्हवर हेच काम 'डीबगएफएस'मधल्या 'आयचेक' आणि 'एनचेक' या दोन आज्ञा करतात. पहिली ब्लॉकवरून फाइलचा अंतर्गत नंबर देते, दुसरी त्या नंबरावरून नाव.

दोन-चार सेक्टर असतील तोवरच ही पद्धत परवडते. शेकडो असतील तर पुढची.

पद्धत तिसरी : पूर्ण प्रत आणि खराब जागेवर खूण

माहिती पुन्हा मिळणारच नसेल तर हीच पद्धत सर्वात भरवशाची. यात खराब डिस्क फक्त वाचली जाते आणि बाकीचे सगळे काम प्रतीवर होते. लिनक्सचा 'सिस्टिमरेस्क्यू' हा पेनड्राइव्हवरून चालणारा मोफत संच घ्यावा. त्यात 'डीडीरेस्क्यू' असते. सोबत खराब डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क लागते.

डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग उचलते. जिथे अडते ती जागा सोडून पुढे जाते आणि चांगले सगळे हाती आल्यावर अवघड जागांकडे परत वळते. कोणती जागा वाचली आणि कोणती नाही, याची नोंद ती 'मॅप' फाइलमध्ये ठेवते. मध्येच लाईट गेली तरी त्याच नोंदीवरून काम पुढे सुरू होते. आज्ञेत आधी खराब डिस्क, मग प्रतीचे नाव, मग मॅपचे नाव, हा क्रम असतो. पहिली दोन नावे उलटी झाली तर रिकाम्या डिस्कवरचे शून्य जुन्या डिस्कवर जाऊन बसेल. एंटर दाबण्यापूर्वी दोनदा वाचावे.

प्रत झाली की न वाचलेल्या जागा त्यात रिकाम्या राहतात. आता त्या रिकाम्या जागांमध्ये मुद्दाम एक खूण भरायची. डीडीरेस्क्यूमध्ये 'फिल मोड' नावाची सोय याचसाठी आहे. 'बॅड-सेक्टर' असा इंग्रजी शब्द एका छोट्या फाइलीत लिहून द्यायचा, ती मॅप पाहून फक्त खराब जागांवर तो शब्द भरते. मग प्रत 'फक्त वाचण्यासाठी' जोडायची आणि 'ग्रेप' या आज्ञेने सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्या फाइलीत सापडला ती खराब. शेतात पाइप फुटला की रंगीत पाणी सोडून ओल कुठे येते ते पाहावे, तसाच हा प्रकार. यादी झाली की त्याच जागांवर पुन्हा शून्ये भरून खूण काढून टाकता येते. खूण भरायच्या आधी प्रतीची आणखी एक प्रत ठेवलेली बरी.

विंडोजच्या कॉम्प्रेस केलेल्या किंवा कुलूपबंद फाइलींमध्ये हा शब्द जसाच्या तसा सापडत नाही. एनटीएफएस ड्राइव्हसाठी 'डीडीआरयुटिलिटी' संचातला एक प्रोग्रॅम मॅप पाहून खराब फाइलींची नावे थेट देतो. तिथे खुणेची गरज पडत नाही.

चेकडिस्क शेवटी का?

चेकडिस्क वाईट नाही, तिची वेळ चुकते. 'आर' पर्याय देऊन ती चालवली की सगळी डिस्क वाचली जाते, खराब जागा बाजूला काढल्या जातात आणि वाचता आलेला भाग नव्या जागी ठेवला जातो. अमुक फाइलीतले खराब क्लस्टर बदलले, असे ती नावानिशी सांगतेही. पण स्क्रीनवरचा तो मजकूर निघून जातो आणि एरर पुन्हा येत नाही. कोणी आधीच चेकडिस्क मारली असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदीत 'विनइनिट' नावाची १००१ नंबरची नोंद शोधावी. संगणक सुरू होताना झालेल्या तपासणीचा अहवाल तिथे मिळतो. 'फाउंड' नावाचा फोल्डर तयार झाला असेल तर तोही उडवू नये, त्यात सुटलेले तुकडे असतात.

खराब सेक्टर गुपचूप सोडून क्लोन करणाऱ्या प्रोग्रॅमचेही हेच. क्लोन चालतो, पण कोणत्या फाइलीत भोक पडले ते कळत नाही. दुकानात डिस्क देताना "क्लोन करा" एवढेच न सांगता "न वाचलेल्या फाइलींची यादीही द्या" असे सांगावे.

कोणत्या फाइलीचे किती नुकसान?

फोटो : जेपीजी फोटो खराब जागेपर्यंत चांगला दिसतो, त्याखाली करडा पट्टा किंवा उलटेसुलटे रंग येतात. फोल्डरमधल्या छोट्या चित्रावर विसंबू नये. ते वेगळे साठवलेले असते, मूळ फोटो गेला तरी ते छान दिसते.
व्हिडिओ : मधला भाग गेला तर क्षणभर चित्र फुटते. एमपी४ फाइलचा सूचीचा भाग गेला तर पूर्ण व्हिडिओ उघडत नाही, पण तज्ज्ञाकडून तो पुष्कळदा उभा करता येतो.
वर्ड, एक्सेल : नव्या पद्धतीच्या या फाइली आतून झिपच असतात. त्यामुळे एका सेक्टरनेही अडतात. झिपचे तपासणी अंक आत असल्याने सेव्हन-झिपने उघडून 'टेस्ट' केले की खराब भाग कळतो.
हिशेबाचे प्रोग्रॅम : टॅली किंवा डेअरीचा प्रोग्रॅम उघडला म्हणजे हिशेब शाबूत आहे असे नाही. रिपेअर करायचेच तर प्रतीवर करावे आणि महिनावार बेरजा छापील पावत्यांशी जुळवून पाहाव्यात.

यादी झाली, पुढे काय?

यादीतली नावे तीन भागांत वाटावीत. पहिला भाग, दुसरीकडे मिळणारे. सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात, मेलवर पाठवलेली कागदपत्रे मेलमध्ये असतात, विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या फाइली पुन्हा टाकता येतात. दुसरा भाग, कागदावरून पुन्हा भरता येणारे. दूध संकलनाच्या पावत्या, खतविक्रीची बिले, सोसायटीचे कीर्द-खतावणी. तिसरा भाग, कुठेच नसलेले. लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसाचा आवाज, बारशाचा व्हिडिओ.

डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचा खर्च करायचा की नाही, हे तिसऱ्या भागावरून ठरते. त्यात एकही नाव नसेल तर तो खर्च टाळता येतो. असेल तर डिस्क आणखी न चालवता, स्थानिक दुकानात न उघडता थेट प्रयोगशाळेत द्यावी आणि यादी सोबत द्यावी. नेमके काय हवे ते कळले की त्यांचेही काम कमी होते.

गिऱ्हाइकाचे फोटो किंवा सभासदांचा हिशेब असेल तर त्यांना यादी दाखवून आधीच सांगितलेले बरे. स्टुडिओवाल्याला पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो वेळेत गोळा करता येतात, सभासदाला घरातल्या पावत्या शोधता येतात. उशीर झाला की मोबाइलही बदलतात आणि पावत्याही चुलीत जातात.

जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी

सगळे काम झाल्यावर चेकडिस्क मारून डिस्क पुन्हा वापरता येईल, पण महत्त्वाच्या कामाला नव्हे. सेवा केंद्रातल्या डिस्कवर लोकांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती असतात. बाजूला काढलेल्या सेक्टरमधली माहिती साध्या पुसण्याने जात नाही. अशी डिस्क भंगारवाल्याला अखंड न देता तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडूनच द्यावी.

नव्या डिस्कवर आल्यावर दोन सवयी लावाव्यात. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फोतला सी५ चा आकडा वहीत लिहावा आणि महत्त्वाच्या फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी. एसएसडी घेतली तरी प्रत हवीच. ती बिघडते तेव्हा अनेकदा टक-टक न करता एकदम बंद पडते आणि मग यादी करायलाही वेळ मिळत नाही.